सीपीयू चालूच होत नाहीये? दुकानात न्यायच्या आधी बाहेरून आत असं बघत जा

नाशिकमध्ये वर्षातून दोनदा मला हमखास फोन येतात. एक जून संपता संपता, पाऊस नीट लागला की, आणि दुसरा दिवाळीच्या साफसफाईनंतर. वाक्य तेच असतं, "अरे कॉम्प्युटर चालूच होत नाहीये, जरा येऊन जातोस का." मी अंबडला एका कंपनीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे, कॉम्प्युटरचं दुकान वगैरे नाही, पण हातात मीटर असतो म्हणून सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाट्यापासून पार ओझरपर्यंत नातेवाइकांची आणि ओळखीच्यांची मशीन उघडतोय, त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली. एवढ्यात एक गोष्ट पक्की कळलीये की चालू न होणारा कॉम्प्युटर बहुतेक वेळा 'गेलेला' नसतो, त्याला वीज नीट पोचत नसते नाहीतर आतला कुठलातरी कॉन्टॅक्ट सुटलेला असतो, आणि या दोन्ही गोष्टी तपासायला पैसे लागत नाहीत. मदरबोर्ड (आतला मुख्य बोर्ड) गेला असं समजून लोकांनी नवीन मशीन घेतलं आणि जुनं भंगारात द्यायच्या आधी मी नुसती रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, काढून पुसून लावली तर ते चालू झालं, असं माझ्यासमोर तीनदा झालंय. प्रत्येक वेळी वाईट वाटलं, कारण त्यातलं एक नवीन मशीन पोरीच्या बारावीच्या वर्षात हप्त्यावर घेतलेलं होतं.

म्हणून सगळं एका जागी लिहितोय. हे मुख्यतः डेस्कटॉपसाठी आहे, लॅपटॉपचं थोडं खाली येईल.

आधी लक्षण ओळखा

"चालू होत नाही" या एका वाक्यात चार वेगवेगळे आजार असतात, त्यामुळे फोनवर मी आधी हेच विचारतो की बटण दाबल्यावर नक्की काय होतं.

बटण दाबलं तरी काहीच नाही, ना लाईट ना पंख्याचा आवाज, तर दुखणं बहुतेक वीजपुरवठ्याचं. म्हणजे भिंतीवरचा बोर्ड, पिन, केबल, यूपीएस, नाहीतर एसएमपीएस (भिंतीतली लाईट घेऊन आतल्या भागांना लागेल तशी देणारा सीपीयूमधला पत्र्याचा डबा).

पंखे फिरतात, पुढची लाईट लागते पण स्क्रीन काळीच. याला सगळे "डिस्प्ले येत नाही" म्हणतात. इथे पहिला संशय रॅमवर.

चालू होतो, दोन-चार सेकंदात बंद पडतो, आपोआप परत चालू होतो, परत बंद. यात कुठेतरी शॉर्ट, कमजोर झालेला एसएमपीएस किंवा प्रोसेसर तापणं.

आणि चौथा, लोगो येतो, मग काळ्या स्क्रीनवर एखादी इंग्रजी ओळ येऊन थांबतो नाहीतर विंडोजचे ठिपके गोल गोल फिरतच राहतात. इथे मशीन चालू होतंय, अडलंय ते हार्डडिस्क किंवा विंडोज, तेव्हा एसएमपीएसच्या मागे लागू नका, सरळ खाली विंडोजच्या भागावर जा.

अजून एक घरातल्या सगळ्यांना विचारा, शेवटचं नीट चालू होतं त्यानंतर काय काय झालं. वीज कडाडली का, लाईट जा-ये करत होती का, टेबल हलवलं का, कोणी ओल्या फडक्याने पुसलं का, नवीन प्रिंटर जोडला का. दिवाळीनंतरच्या फोनांपैकी निम्म्यांचं उत्तर इथेच मिळतं, कारण साफसफाईत सीपीयू ओढलेला असतो आणि मागची एखादी केबल अर्धवट सुटून नुसती लटकत असते.

भिंतीपासून सुरुवात करा

बोर्डात लाईट आहे का हे बघायला लोक मोबाईलचा चार्जर लावतात आणि मोबाईल चार्ज होतोय म्हणजे लाईट ठीक आहे म्हणतात. हे पुरेसं नाही. चार्जर १०० पासून २४० व्होल्टपर्यंत कशावरही चालतो आणि करंट अगदी थोडा घेतो, त्यामुळे बोर्डाचा कॉन्टॅक्ट सैल असला, व्होल्टेज पडत असलं तरी तो बिचारा चालतच राहतो. त्याऐवजी त्याच जागी इस्त्री किंवा मिक्सर लावा. घरातला नेहमीचा सहा अँपिअरचा सॉकेट असेल तर छोटी इस्त्री मिनिटभर पुरे, जास्त नको. इस्त्रीची लाईट फडफडली, बोर्डातून चरचर आवाज आला किंवा पिन काढल्यावर गरम लागली तर दोष तिथेच आहे.

यावर जरा थांबून सांगतो, कारण सारखा सारखा एसएमपीएस उडायचं मूळ मला सगळ्यात जास्त वेळा इथेच सापडलंय. पंचवटीत माझ्या मावशीकडे दीड वर्षात दोन एसएमपीएस उडाले. दोन्ही वेळा नवीन टाकला, चालू झालं, सगळे खूश. तिसरा टाकायच्या आधी मी मेन स्विच बंद करून भिंतीवरचा बोर्ड उघडला तर न्यूट्रलच्या वायरचा स्क्रू बोटाने फिरत होता, वायरचं काळं इन्सुलेशन इंचभर आकसून मागे गेलेलं आणि पितळेची पट्टी भाजून जांभळट झालेली. म्हणजे कॉम्प्युटर चालू असताना तिथे सेकंदाला कितीतरी वेळा कनेक्शन तुटत-जुळत होतं आणि प्रत्येक वेळचा झटका एसएमपीएस खात होता. सॉकेट बदलला, वायर पुढून कापून नवीन टोक काढून आवळलं, त्याला चार वर्षं झाली, तिसरा एसएमपीएस अजून चालू आहे. म्हणून तुमच्याकडे एकच पार्ट दुसऱ्यांदा गेला असेल तर तिसरा विकत घ्यायच्या आधी भिंत तपासा.

एक्स्टेंशन बोर्ड मधे असेल तर तो काढून सीपीयू सरळ भिंतीत लावून बघा. मग पॉवर कॉर्ड. मॉनिटरची आणि सीपीयूची कॉर्ड बहुतेक घरात सारखीच असते, मागे तीन छिद्रांची, तर अदलाबदल करा. एक रुपया खर्च नाही आणि कॉर्ड खराब असेल तर अर्ध्या मिनिटात कळतं. लावताना एसएमपीएसच्या सॉकेटमध्ये शेवटपर्यंत दाबून बसवा.

एसएमपीएसच्या मागे कॉर्डच्या शेजारी एक छोटा काळा स्विच असतो, उभी रेघ म्हणजे चालू, गोल म्हणजे बंद. पुसताना फडकं लागून हा दाबला जातो. ओझरच्या एका काकांकडे मी फक्त हा स्विच दाबून परत आलोय, त्यांनी चहाबरोबर जेवायलाही घातलं. जुन्या एसएमपीएसवर अजून एक लाल स्विच असतो, त्यावर ११५ आणि २३० असे आकडे असतात. तो २३० वरच पाहिजे. लहान मुलांनी खेळताना ११५ वर सरकवला आणि मग चालू केलं तर मोठा आवाज होऊन एसएमपीएस फुटतो, तेव्हा त्याच्यावर चिकटपट्टी लावून टाका.

यूपीएस असेल तर त्याला पूर्ण बाजूला ठेवून सीपीयू थेट भिंतीत लावा. घरगुती ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये साधारण १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते आणि ती दोन-तीन वर्षांत थकते. थकलेली बॅटरी कित्येक यूपीएसना चालूच होऊ देत नाही, किंवा लाईट फडफडली की क्षणात सगळं बंद, आणि घरच्यांना वाटतं कॉम्प्युटर बिघडला.

आता अर्थिंग. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? पायात चप्पल नसताना पावसाळ्यात जास्त जाणवतं. एसएमपीएसच्या आत लाईट गाळून घेणारे दोन छोटे कपॅसिटर (चार्ज साठवणारे भाग) असतात, त्यांचं मधलं टोक कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेलं असतं, आणि अर्थिंग नसेल तर पत्र्यावर साधारण निम्मं व्होल्टेज, म्हणजे ११०-११५ च्या आसपास तरंगत राहतं. करंट फार थोडा असतो, पण प्रिंटर, यूएसबी, नेटची केबल जोडताना तोच पोर्टमधून वाट काढतो. मीटर वापरायची सवय असेल तर फेज-न्यूट्रल २३० च्या जवळपास, फेज-अर्थही जवळपास तेवढंच आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत दिसलं पाहिजे. सवय नसेल तर सॉकेटमध्ये काही घालू नका, वायरमनला पाच मिनिटांचं काम आहे. आणि घरातले दिवे एकदम प्रखर होतात, मग मंद होतात असं दिसत असेल तर मेन न्यूट्रल सैल असू शकतो, अशा वेळी व्होल्टेज २३० च्या खूप वर जातं, तेव्हा कॉम्प्युटरच काय, फ्रिज टीव्ही सगळं बंद करा आणि आधी वायरमन बोलवा.

न उघडता करायच्या अजून काही गोष्टी

पिन भिंतीतून काढा, पुढचं पॉवर बटण तीस सेकंद दाबून धरा, सोडा, पिन लावा, चालू करा. लाईट फडफडल्यावर एसएमपीएस स्वतःला वाचवायला लॉक होऊन बसतो आणि कपॅसिटरमध्ये थोडा चार्ज उरलेला असेपर्यंत तो लॉक सुटत नाही. बटण दाबून धरलं की उरलेला चार्ज निघून जातो. पावसाळ्यातल्या "काल रात्री नीट होता, सकाळपासून मेलाय" या तक्रारीवर मी फोनवरच हे करायला सांगतो आणि बऱ्याचदा परत फोन येत नाही.

मग मागचं-पुढचं सगळं काढा. प्रिंटर, पेनड्राइव्ह, वेबकॅम, स्पीकर, कीबोर्ड-माऊससुद्धा. फक्त पॉवर आणि मॉनिटर ठेवा. पेनड्राइव्ह राहिला असेल तर कधी कधी मशीन त्याच्यावरून चालू व्हायला बघतं आणि अडतं. पुढच्या यूएसबी पोर्टमधली पट्टी वाकून एकमेकींना टेकली असेल तर मदरबोर्ड शॉर्ट समजून बंद पडतो, काही बोर्डांवर तर तसा ओव्हर करंटचा मेसेज येतो आणि पंधरा सेकंदांनी मशीन बंद. टॉर्चने पोर्टच्या आत बघा.

मॉनिटरवर "नो सिग्नल" येत असेल तर मॉनिटर जिवंत आहे, त्याच्यापर्यंत काही पोचत नाहीये एवढंच. मॉनिटरच्या बटणाने सोर्स बदलून बघा, एचडीएमआयची केबल लावलीये आणि सोर्स व्हीजीएवर आहे असं होतं. ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डालाच लावा, वर मदरबोर्डच्या पोर्टला नाही. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असतो त्याला आतला डिस्प्लेच नसतो, त्यात मदरबोर्डच्या पोर्टमधून कधीच काही दिसणार नाही.

आता कॅबिनेट उघडायचं

पिन भिंतीतून काढलेली पाहिजे, नुसता स्विच बंद करून भागत नाही. नाशिकची थंडी कोरडी असते, स्वेटर किंवा ब्लँकेट काढताना ठिणग्या उडतात ना, तोच स्टॅटिक चार्ज बोटातून रॅममध्ये गेला तर रॅम मरते. म्हणून स्वेटर काढून ठेवा, आणि आत हात घालायच्या आधी आणि मधून मधून कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा.

आधी नुसतं बघा आणि वास घ्या. जळका वास, काळा डाग, एसएमपीएसच्या जाळीत अडकलेली पाल, मुंग्यांची रांग. हसू नका, एसएमपीएसच्या उबेला पाल हमखास येऊन बसते आणि दोन टोकांना टेकली की तीही जाते आणि एसएमपीएसही. जुना बोर्ड असेल तर प्रोसेसरच्या शेजारच्या छोट्या डब्यांकडे बघा, त्यांचं डोकं सपाट पाहिजे. फुगलेलं किंवा वरून तपकिरी पाणी आलेलं असेल तर तो कपॅसिटर गेला. साधारण १९९९ ते २००७ या काळातल्या कितीतरी बोर्डांत हे झालंय. डाग देणाऱ्या, म्हणजे सोल्डरिंग करणाऱ्या, चांगल्या माणसाकडून ते बदलून मिळतात, घरी करू नका.

धूळ मऊ ब्रशने काढा. पंख्याला हवा मारताना बोटाने धरून ठेवा. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका, त्यात पाण्याचे थेंब असतात.

रॅम

डिस्प्ले येत नाही या लक्षणावर मला सगळ्यात जास्त यश इथे आलंय, म्हणून नीट सांगतो.

रॅमच्या दोन्ही टोकांचे क्लिप बाहेर दाबले की पट्टी वर उचलली जाते. काही बोर्डांत एकाच बाजूला क्लिप असतो. पट्टी कडेने धरा, सोनेरी दातांना बोट लावू नका. खिडकीच्या उजेडात तिरकी धरून बघा, चांगल्या पट्टीचे दात आरशासारखे चमकतात, आणि खराब झालेल्या पट्टीवर एक मंद तपकिरी सावली दिसते, कधी मधल्या दोन-तीन दातांवरच, जणू चहाचा ओघळ सुकलाय. पावसाळ्याची दमट हवा आणि धूळ तर आहेच, पण माझ्या अनुभवात याचं मोठं कारण म्हणजे कॉम्प्युटर देवघराशेजारी ठेवलेला असणं. छोट्या घरात जागा तिथेच असते हे मान्य, पण रोजची उदबत्ती, धूप, कापूर यांचा तेलकट धूर सीपीयूचा पंखा आत ओढतो आणि तो थर नेमका या दातांवर बसतो. तेच घर, तोच कॉम्प्युटर आणि दर जुलैत तीच तक्रार, असं चार वर्षं झालेल्या एका घरात मी सीपीयू फक्त खोलीच्या दुसऱ्या टोकाला हलवायला लावला, नंतर दोन पावसाळे झाले, फोन नाही.

साफ करायला पेन्सिलचा साधा पांढरा मऊ खोडरबर घ्या. दातांवर एकाच दिशेने, वरून खाली, हलक्या हाताने दहा-बारा वेळा, दोन्ही बाजूंनी. खोडरबर काळा होईल, तोच तो थर. पेन खोडायचा खरखरीत रबर, पॉलिश पेपर, चाकू असलं काही नको, सोन्याचा मुलामा फार पातळ असतो, एकदा गेला की आतलं तांबं दरवर्षी खराब होणार. मग रबराचा भुगा सुक्या ब्रशने पूर्ण काढा, तो स्लॉटमध्ये गेला तर नवीनच दुखणं. स्लॉटमध्येही सुका मऊ ब्रश फिरवा. पट्टीतली खाच आणि स्लॉटमधला उंचवटा जुळवून दोन्ही टोकं 'टक' होईपर्यंत दाबा, आवाज आला नाही तर बसलेली नाही.

दोन पट्ट्या असतील तर एकच लावून बघा, मग दुसरी, मग स्लॉट बदलून. म्हणजे पट्टी खराब की स्लॉट हे वेगळं करता येतं. एका पट्टीवर चालू झालं तर आज काम भागलं. शेजाऱ्याची रॅम मागून आणणार असाल तर डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या पिढ्यांची खाच वेगळ्या जागी असते, बसत नसेल तर जोर लावू नका. डीडीआर५ च्या नवीन मशीनवर रॅम हलवल्यावर पहिल्यांदा चालू करताना काही मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते, बोर्ड रॅम ओळखत असतो, घाबरून लगेच बंद करू नका.

बोर्डाला छोटा स्पीकर असेल तर बीप ऐका. एक छोटी बीप म्हणजे सहसा सगळं ठीक. जुन्या बऱ्याच बोर्डांवर लांब बीप परत परत म्हणजे रॅम, एक लांब दोन छोट्या म्हणजे डिस्प्लेचं कार्ड, पण हे बोर्डाप्रमाणे बदलतं, पुस्तिका असेल तर त्यात बघा. नवीन बऱ्याच बोर्डांवर सीपीयू (इथे म्हणजे प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (डिस्प्ले), बूट (डिस्कवरून चालू होणं) अशा चार बारीक लाईट असतात, जी लागून राहते तिथे अडलंय.

बोर्डावरचा सेल

पाच रुपयांच्या नाण्याएवढा चपटा सेल असतो, सीआर२०३२, तीन व्होल्टचा. मीटरवर २.७ च्या खाली दाखवत असेल तर बदला. घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तारीख सारखी मागे जाते, चालू करताना एफ१ दाबायला सांगतो, ही त्याची लक्षणं. सेल संपला म्हणून मशीन पूर्ण मरतंच असं नाही, पण लाईट गेल्यावर सेटिंग पुसलं जातं आणि मग कुठल्या डिस्कवरून चालू व्हायचं हेच बोर्ड विसरतो, आणि घरच्यांना वाटतं हार्डडिस्क गेली.

इथे एक सावधगिरी. विंडोज १०-११ च्या काही मशीनवर डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असतं, मालकाला माहीतही नसतं. बोर्डाचं सेटिंग पुसल्यावर ते ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागतं. ती बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमध्ये ठेवलेली असते, तेव्हा सेल काढायच्या आधी मोबाईलवरून त्या अकाउंटमध्ये जाऊन की दिसतेय का बघा, कागदावर लिहून ठेवा.

एसएमपीएस आणि पुढचं बटण

पुढचं बटणच खराब असतं हे कोणी धरतच नाही. बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात बारीक वायरींचा झुबका असतो, त्यातली पॉवर स्विच लिहिलेली जोडी काढायची आणि भिंतीतली पिन लावून त्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवायचं. चालू झालं तर बटण गेलंय, बाकी सगळं ठीक. तिथे पाच व्होल्टपेक्षा जास्त नसतं, फक्त शेजारच्या पिनांना टोक लागू देऊ नका.

तरीही मेलेलंच असेल तर एसएमपीएस. पिन काढून २४ पिनांचा मोठा कनेक्टर बोर्डातून काढा, त्यात हिरवी वायर एकच असते, ती आणि शेजारची कुठलीही काळी, यांना वाकवलेल्या तारेने जोडा, मग पिन लावा. एसएमपीएसचा पंखा फिरला तर तो निदान उठतोय. पण पंखा फिरला म्हणजे चांगला असं नाही, बिनलोडचा कमजोर एसएमपीएससुद्धा उठतो. मीटरवर पिवळ्या वायरला ११.४ ते १२.६, लाल वायरला ४.७५ ते ५.२५ दिसलं पाहिजे. सगळ्यात खात्रीचं म्हणजे दुसऱ्या चालू मशीनचा एसएमपीएस लावून बघणं. परत लावताना प्रोसेसरजवळचा चार किंवा आठ पिनांचा वेगळा कनेक्टर विसरू नका, तो नसेल तर पंखे फिरतात आणि डिस्प्ले येत नाही, मग माणूस रॅमच्या मागे फिरत बसतो.

एसएमपीएसचं झाकण मात्र उघडायचं नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टच्या वर चार्ज असतो आणि पिन काढल्यावरही तो काही काळ राहतो. मी इलेक्ट्रिकलचं काम रोज करतो आणि मीही घरी उघडत नाही, बदलतो.

दोन-चार सेकंदात बंद पडणाऱ्या मशीनमध्ये प्रोसेसरवरचा पंखा हलवून बघा. इंटेलच्या डब्यातल्या पंख्याला चार प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात, एखादी जरी सुटली तरी तो तिरका होतो. प्रोसेसर आणि पंख्याच्या मधली पेस्ट वाळून खडू झाली असेल तर जुनी पुसून वाटाण्याएवढी नवीन लावा. त्यानेही होत नसेल तर ग्राफिक्स कार्ड, हार्डडिस्क, डीव्हीडी सगळ्यांच्या वायरी काढून फक्त बोर्ड, प्रोसेसर, एक रॅम आणि एसएमपीएस ठेवा. चालू झालं तर एकेक जोडत जा, जिथे बंद पडेल तो दोषी.

लोगो येतो पण विंडोज नाही

आधी डिस्कच्या दोन्ही केबल दोन्ही टोकांना काढून परत दाबा. मग हार्डडिस्कला कान लावा. टक-टक-टक असा ठरावीक आवाज येत असेल तर लगेच बंद करा आणि परत चालू करून बघू नका, आतलं हेड प्लेटवर घासत असू शकतं आणि प्रत्येक वेळी चालू केल्यावर थोडा थोडा डेटा कायमचा जातो.

आवाज नसेल तर विंडोज दोनदा लागोपाठ अडल्यावर स्वतःच दुरुस्तीचा पडदा आणतं. तिथे स्टार्टअप रिपेअर करा, नाही झालं तर सेफ मोड. सगळं पुसून नवीन करायचा पर्याय मात्र फायली दुसरीकडे काढल्याशिवाय दाबू नका. दिंडोरीच्या माझ्या मेव्हण्याच्या मशीनमध्ये द्राक्षाच्या तीन हंगामांच्या फवारणीच्या नोंदी होत्या, माल बाहेर पाठवायचा तर त्या लागतात, आणि पोराने घाईत नवीन विंडोज टाकायला घेतलं होतं. मी वेळेत पोचलो म्हणून डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावून सगळं उतरवता आलं.

आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून मशीन चालू होत नाही, असं बरेच जण समजतात. तसं नाही. नेहमीची मोफत अपडेट मिळणं थांबलंय, मशीन चालू व्हायला त्याने काही अडत नाही.

लॅपटॉपला चार्जर काढून पॉवर बटण तीस सेकंद दाबणं, दुसरा त्याच रेटिंगचा चार्जर लावून बघणं आणि बाहेरचा मॉनिटर जोडून बघणं एवढंच घरी करा. बॅटरी फुगून टचपॅड वर आलं असेल तर चार्जिंगला लावूच नका.

इथे हात काढून घ्या

चालू केल्यावर एमसीबी पडतोय, धूर किंवा जळका वास येतोय, डिस्क टकटक करतेय, प्रोसेसरच्या पिना वाकल्यात, कपॅसिटर फुगलेत, किंवा रॅम, सेल, एसएमपीएस तिन्ही बदलून बघितले तरी डिस्प्ले नाही, तर तिथून पुढे माहीतगाराचं काम. आत पाणी गेलं असेल तरी तेच. ऑगस्ट २०१९ मध्ये गोदेला पूर आला तेव्हा नदीकाठच्या एका ओळखीच्या दुकानातला सीपीयू खाली जमिनीवर होता, त्यांनी दोन दिवस पंख्याखाली वाळवला आणि चालू केला, बोर्ड जागेवर जळाला. पाणी सुकतं पण गाळ आणि क्षार चिपच्या पायांत राहतात आणि तेच शॉर्ट करतात. असं मशीन चालू न करता द्यायचं, धुऊन साफ करणारे लोक असतात. टकटकणारी डिस्कसुद्धा साध्या दुकानात उघडू देऊ नका, डेटा रिकव्हरीवाल्याकडेच द्या, आणि महाग पडतं म्हणून आधीच विचारा.

दुकानात नेताना कागदावर लिहून न्या, कुठलं लक्षण, कधीपासून, तुम्ही काय काय बदलून बघितलं. त्याचा वेळ वाचतो आणि तुमचा पैसा. शक्य असेल तर हार्डडिस्क काढून घरी ठेवा, बोर्ड तपासायला तिची गरज नसते. बोर्ड गेला असं सांगितलं तर दुसरा चालू एसएमपीएस आणि दुसरी रॅम लावून तुमच्यासमोर दाखवायला सांगा, चांगला माणूस दाखवतो. बदललेला जुना पार्ट परत मागा, बिलावर नवीन पार्टचा नंबर लिहून घ्या. आणि दुरुस्त मशीन घरी आणल्यावर जुन्याच सॉकेटमध्ये खुपसायच्या आधी तिथे एकदा इस्त्री लावून बघा.